विश्लेषण : ‘पीसीओएस’वर इनॉसिटॉल किती उपयोगी?

पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, वजन उतरत नाही, हनुवटीवर राठ केस येऊ लागतात. मग सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ असे शब्द दिसतात. त्यानंतर मोबाइलवर शोध घेतला की पहिल्या काही मिनिटांतच एक नाव समोर येते, ते म्हणजे इनॉसिटॉल. ‘हार्मोन्सचा समतोल साधा’, ‘पाळी नियमित करा’ अशा जाहिरातींसह त्याच्या गोळ्या, पुड्या आणि भुकटीचे डबे विकले जातात. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञही ते लिहून देतात. महिन्यामागून महिने हा खर्च करणाऱ्या महिलांना त्यातून नेमके काय मिळते, याचे उत्तर ‘चमत्कार’ आणि ‘फसवणूक’ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

‘पीसीओएस’ म्हणजे काय?

‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ म्हणजेच पीसीओएस. बोलण्यात त्याला ‘पीसीओडी’ही म्हटले जाते. शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात रुग्णांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. सध्या निदानासाठी वापरले जाणारे निकष २००३ च्या रॉटरडॅम येथील बैठकीतून आले. पाळीची अनियमितता, शरीरात पुरुषी संप्रेरकांचे (अँड्रोजेन) प्रमाण किंवा परिणाम वाढणे आणि सोनोग्राफीत अंडाशयात अनेक छोट्या बीजपुटिका दिसणे, या तीनपैकी दोन गोष्टी असतील आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे नसतील, तर पीसीओएसचे निदान होते. या बीजपुटिका म्हणजे घातक ‘गाठी’ नव्हेत. ती पूर्ण वाढ न झालेली स्त्रीबीजे असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभरात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १८ ते ४० वयोगटातील महिलांमध्ये रॉटरडॅम निकषांनुसार पीसीओएसचे प्रमाण १९.६ टक्के आढळले. जुन्या, अधिक कडक निकषांनुसार ते ७.२ टक्के भरते. म्हणजे आकडा कोणता मोजपट्टा वापरला यावर अवलंबून आहे. पण कमीत कमी आकडा धरला तरी साधारण दर चौदा महिलांमागे एकीला हा त्रास आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या केलेल्या अभ्यासातही रॉटरडॅम निकषांनुसार प्रमाण २२.५ टक्के दिसले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे निदानच झालेले नसते.

इनॉसिटॉल हे नेमके काय आहे?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान शेरर यांनी १८५० मध्ये स्नायूंतून हा गोडसर पदार्थ वेगळा केला. स्नायू किंवा तंतू या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. रासायनिकदृष्ट्या तो साखरेचा जवळचा नातेवाईक. अणूंची मांडणी बदलली की त्याची नऊ रूपे होतात. त्यातील ‘मायो-इनॉसिटॉल’ शरीरात सर्वाधिक असते आणि ‘डी-कायरो-इनॉसिटॉल’ अगदी थोडे. बाजारातील उत्पादनांत हीच दोन नावे दिसतात.

एकेकाळी त्याला ‘जीवनसत्त्व ब-८’ म्हणत आणि काही जाहिरातींत अजूनही ते तसे लिहिलेले असते. मात्र ते जीवनसत्त्व नाही. जीवनसत्त्वे बाहेरूनच मिळवावी लागतात. इनॉसिटॉल शरीर ग्लुकोजपासून स्वतः बनवते. एकट्या मूत्रपिंडांतच दिवसाला साधारण चार ग्रॅम तयार होते. व्यापारी उत्पादनासाठी ते मुख्यतः मका आणि भाताच्या कोंड्यातील फायटिक आम्लापासून काढले जाते.

त्याचा पाळीशी संबंध कसा?

दुवा आहे इन्सुलिनचा. पीसीओएस असलेल्या अनेक महिलांमध्ये, त्यातही वजन जास्त असलेल्यांमध्ये, पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. यालाच ‘इन्सुलिन प्रतिरोध’ म्हणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अधिक अँड्रोजेन बनवायला भाग पाडते. शिवाय रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. परिणामी स्त्रीबीज पूर्ण पिकत नाही, ते बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. चेहऱ्यावरचे केस, मुरुमे, मानेवरचा काळपटपणा ही याच साखळीची बाहेर दिसणारी टोके.

इन्सुलिन पेशीच्या दारापर्यंत येते; आत निरोप पोहोचवण्याचे काम दुसरेच रेणू करतात. इनॉसिटॉलपासून बनणारे रेणू हे अशा निरोप्यांपैकी आहेत. स्त्रीबीज वाढवणाऱ्या ‘एफएसएच’ या संप्रेरकाचा निरोपही अंडाशयात इनॉसिटॉलच्याच मार्गाने जातो. निरोपे कमी पडत असतील तर ते बाहेरून पुरवावेत, हा यामागचा विचार. तो तर्काला धरून आहे. पण तर्क पटणे वेगळे आणि रुग्णाला गुण येणे वेगळे.

एवढी आशा निर्माण कशामुळे झाली?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एप्रिल १९९९ मध्ये आलेल्या एका चाचणीमुळे. पीसीओएस असलेल्या ४४ लठ्ठ महिलांपैकी निम्म्यांना रोज १,२०० मिलीग्रॅम डी-कायरो-इनॉसिटॉल आणि निम्म्यांना औषधी गुण नसलेली गोळी सहा ते आठ आठवडे देण्यात आली. इनॉसिटॉल घेणाऱ्या २२ पैकी १९ महिलांमध्ये स्त्रीबीज बाहेर पडल्याचे दिसले; दुसऱ्या गटात २२ पैकी फक्त सहा. एवढा मोठा फरक पाहून संशोधक आणि कंपन्या दोघेही या पदार्थाकडे वळले.

नंतर मात्र मात्रा दुप्पट करून झालेल्या मोठ्या चाचणीत हे यश पुन्हा दिसले नाही. त्यावर एक स्पष्टीकरण असे दिले गेले की, अंडाशयाला गरज मायो रूपाची असते. डी-कायरो जास्त झाले तर स्त्रीबीजाला उलट अपाय होऊ शकतो. त्यानंतर बाजाराचा आणि संशोधनाचा कल मायो-इनॉसिटॉलकडे वळला.

‘४०:१’ या प्रमाणाचे रहस्य काय?

अनेक पाकिटांवर ‘४०:१’ ठळक अक्षरांत छापलेले असते. याचा अर्थ ४० भाग मायो आणि एक भाग डी-कायरो. म्हणजे २,००० मिलीग्रॅममागे ५० मिलीग्रॅम. निरोगी महिलांच्या रक्तद्रवात ही दोन रूपे साधारण याच प्रमाणात असतात, यावरून ते सुचवले गेले. निरनिराळ्या प्रमाणांची थेट तुलना करणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ४०:१ सरस ठरले. पण त्यात महिला होत्या एकूण ५६, आणि सात गटांत विभागल्यावर प्रत्येक गटात आल्या फक्त आठ. एवढ्याशा संख्येवरून काढलेला निष्कर्ष पुढच्या संशोधनाची दिशा दाखवू शकतो. तो सर्वांसाठी नियम ठरू शकत नाही.

आजवरचे पुरावे एकत्र पाहिल्यास काय दिसते?

चाचण्यांची संख्या कमी नाही. अडचण त्यांच्या दर्जाची आहे. बहुतेक चाचण्या छोट्या, काही आठवडे ते काही महिने चाललेल्या, वेगवेगळ्या मात्रा आणि वेगवेगळी मोजमापे वापरणाऱ्या. काहींशी उत्पादक कंपन्यांचेही संबंध होते.

पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २०१८ मध्ये मूल होण्यात अडचण असलेल्या पीसीओएसग्रस्त महिलांबाबत १३ चाचण्या आणि १,४७२ महिलांची माहिती तपासली. मायो-इनॉसिटॉलमुळे गर्भधारणा किंवा जिवंत बाळ जन्माला येण्याची शक्यता वाढते का, हे उपलब्ध पुराव्यांवरून सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्यांचा दर्जा ‘अत्यंत कमी’ ठरवण्यात आला.

सध्या जगभरातील डॉक्टर ज्यांचा आधार घेतात ती पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांची ताजी आवृत्ती २०२३ ची. त्यासाठी इनॉसिटॉलवरील ३० चाचण्यांचा आढावा घेण्यात आला. तत्त्वांचा सूर असा : रुग्णाची इच्छा असेल तर इनॉसिटॉलचा विचार करता येईल, कारण अपाय फारसा नाही आणि चयापचयाच्या काही मोजमापांत सुधारणा होण्याची शक्यता आहे. मात्र स्त्रीबीज बाहेर पडणे, नको असलेले केस आणि वजन या बाबतींत फायदा मर्यादित आहे. कोणता प्रकार, किती मात्रा, कोणते मिश्रण घ्यावे याची शिफारस करण्याइतका चांगला पुरावा नाही. ‘४०:१’च्या ठळक अक्षरांना यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

याच तत्त्वांनी नको असलेले केस आणि पोटाभोवतीची चरबी यांसाठी इनॉसिटॉलऐवजी मेटफॉर्मिनला पसंती दिली आहे. मेटफॉर्मिनमुळे मळमळ, जुलाब असे पोटाचे त्रास अधिक होतात, हेही त्यात नमूद आहे. मेटफॉर्मिन न सोसणाऱ्या काही महिलांना डॉक्टर इनॉसिटॉल सुचवतात, त्यामागचे हे एक कारण.

गरोदरपणात घेतल्यास फायदा होतो?

पीसीओएस असलेल्या महिलांना गरोदरपणात मधुमेह, रक्तदाब आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका अधिक असतो. मायो-इनॉसिटॉलने तो कमी होईल, अशी अपेक्षा होती. नेदरलँड्समधील रुग्णालयांनी ४६४ गरोदर महिलांवर मोठी चाचणी घेतली. एका गटाला रोज चार ग्रॅम मायो-इनॉसिटॉल आणि फॉलिक आम्ल, दुसऱ्याला फक्त फॉलिक आम्ल. २०२५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या निकालानुसार दोन्ही गटांत सुमारे एक चतुर्थांश महिलांना यातील किमान एक गुंतागुंत झाली. फरक नगण्य होता. त्यामुळे गर्भ राहिल्यावर गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवे. फॉलिक आम्ल मात्र थांबवू नये.

हे औषध आहे की अन्न?

भारतात इनॉसिटॉलची बहुतेक उत्पादने औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकली जातात. त्यांच्यावर अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे, म्हणजे ‘एफएसएसएआय’चे नियंत्रण असते. औषधाला बाजारात येण्यापूर्वी गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागते. पूरक आहाराला तशी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनच अशा पाकिटावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषधी वापरासाठी नाही, असे लिहिणे बंधनकारक आहे. समोर ‘पीसीओएस’ मोठ्या अक्षरांत आणि मागे ही ओळ बारीक अक्षरांत, असा विरोधाभास एकाच डब्यावर दिसतो.

२०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार, अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे ‘तीन महिन्यांत पीसीओएस कायमचा बरा’ अशी ओळ दिसली की ती जाहिरात नियमात बसत नाही, एवढे ओळखता यायला हवे. पीसीओएस आटोक्यात ठेवता येतो. तो मुळापासून घालवणारा उपाय आज कोणाकडेच नाही.

पाकिटावर काय पाहावे?

पहिले, एका गोळीत किंवा पुडीत मायो-इनॉसिटॉल किती आहे. बहुतेक चाचण्यांत दिवसाला चार ग्रॅम, दोन वेळांत विभागून, दिले गेले. एखाद्या गोळीत ५५० मिलीग्रॅम असेल, तर चार ग्रॅमसाठी अशा सातहून अधिक गोळ्या लागतील. ‘रोज दोन’ असे लिहिले असेल तर मिळणारी मात्रा चाचण्यांतील मात्रेच्या जेमतेम चौथा हिस्सा भरते. महिन्याचा खर्च काढताना डब्याची किंमत न पाहता दिवसाला किती ग्रॅम मिळतात, हे पाहिले तर तुलना खरी होते.

दुसरे, सोबत काय मिसळले आहे. काही उत्पादनांत ड जीवनसत्त्व, क्रोमियम, वनस्पतींचे अर्क असतात. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व वेगळे दिले असेल तर मात्रा दुप्पट होऊ शकते. काही गोळ्यांत इनॉसिटॉलबरोबर मेटफॉर्मिनही असते. ते औषध आहे आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

तिसरे, ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख. क्रमांक असणे म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. पण तो नसणे हा धोक्याचा इशारा नक्कीच आहे.

ते सुरक्षित आहे का?

नेहमीच्या मात्रेत ते बहुतेकांना सोसते. दिवसाला १२ ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास मळमळ, पोटात वायू, पातळ शौच असे सौम्य त्रास नोंदले गेले आहेत. डी-कायरो रूप मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेणे टाळावे, असा सल्ला तज्ज्ञ देतात. मधुमेहाची औषधे किंवा लिथियमसारखे मानसोपचारातील औषध सुरू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी.

एक बाब सहसा बोलली जात नाही. पाळी अनियमित आहे म्हणजे गर्भ राहणार नाही, असे नाही. कोणत्याही उपायाने स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागले तर पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो. मूल नको असेल तर गर्भनिरोधनाची काळजी घ्यावीच लागते.

आहारातून मिळू शकते?

काही प्रमाणात नक्की. संत्र्यासारखी आंबट फळे, खरबूज, कडधान्ये आणि अख्खी धान्ये यांत ते असते. आहार कसा आहे त्यानुसार दिवसाला साधारण पाव ग्रॅम ते दीड ग्रॅम मिळू शकते. धान्ये आणि कडधान्यांतील बराच भाग फायटिक आम्लात अडकलेला असतो. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांमुळे हे आम्ल कमी होते. चाचण्यांतील चार ग्रॅम ताटातून मिळवणे अवघड आहे. पण मोड आलेल्या मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी यांतून प्रथिने आणि चोथाही मिळतो, जो पुडीत नसतो. मार्गदर्शक तत्त्वांनी पीसीओएससाठी कोणताही एकच आहार श्रेष्ठ ठरवलेला नाही. सातत्याने पाळता येईल असा समतोल आहार आणि नियमित व्यायाम यांवर भर दिला आहे. त्याचा लाभ वजन न उतरताही होतो.

खरा धोका कशात आहे?

गोळीत फारसा नाही. गोळीच्या भरवशावर थांबून राहण्यात आहे. पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ येत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देऊन अस्तराचे रक्षण करतात. पीसीओएस असलेल्या महिलांना कमी वयात टाइप-२ मधुमेह होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने साखरेची तपासणी हवी. शक्यतो ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केली जाणारी. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि नैराश्य-चिंता यांचीही चौकशी तत्त्वांत सुचवली आहे. मूल हवे असलेल्यांसाठी स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून पहिली पसंती लेट्रोझोल या औषधाला आहे. तिशीच्या उत्तरार्धात ‘आणखी सहा महिने इनॉसिटॉल घेऊन पाहू’ असे म्हणत गेलेला वेळ परत मिळत नाही. शिवाय अनियमित पाळीमागे थायरॉईडचा बिघाड असेल, तर तपासणीशिवाय घेतलेली पुडी मूळ आजार तसाच वाढू देते.

किशोरवयीन मुलींबाबत अधिक सावधगिरी हवी. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असणे अनेकदा स्वाभाविक असते आणि त्या वयात सोनोग्राफीत अनेक बीजपुटिका दिसणेही. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे तत्त्वे सांगतात. केवळ त्या अहवालावरून पंधरा वर्षांच्या मुलीला ‘पीसीओडी’चा शिक्का मारून सप्लिमेंट सुरू करणे योग्य नाही.

मग घ्यावे की नाही?

निदान पक्के झाले आहे, आवश्यक तपासण्या झाल्या आहेत, डॉक्टरांना कल्पना दिली आहे आणि खर्च झेपणारा आहे, अशा महिलेने इनॉसिटॉल घेऊन पाहण्यात मोठी जोखीम नाही. पण सुरुवात करतानाच मुदत आणि मोजमाप ठरवावे. पाळीच्या तारखा, वजन, कमरेचा घेर आणि साखरेचा अहवाल लिहून ठेवावा आणि तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांबरोबर तो पुन्हा पाहावा. फरक दिसत नसेल तर थांबवण्यात काहीच गमावलेले नसते. आणि खर्च झेपत नसेल, तर ते न घेतल्याने उपचारात मोठी उणीव राहते असेही नाही. पीसीओएसमध्ये ज्या गोष्टींचा उपयोग अधिक भक्कमपणे दिसून आला आहे, त्यातील बहुतेक सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही मिळतात : साखरेची तपासणी, पाळीवरील उपचार, मेटफॉर्मिन आणि नीट ऐकून घेऊन दिलेला सल्ला.